दोन शब्दांत पोच

पिपरी मेघे
शुक्रवार, ६ जून

अश्विनची आई, जयभीम.

‘सुखरूप पोचली’ हे तुझे दोन शब्द सकाळी मिळाले. दोनच मिळाले याचं समाधान वाटलं. यात्रेला निघणाऱ्या तुम्हा बायकांचा मी विहारात वर्ग घेतला तेव्हा हेच सांगितलं होतं. परदेशात फोनचा डेटा चालू ठेवणं म्हणजे झिरपणाऱ्या रांजणात पाणी भरणं. आपण घोटभरही पीत नाही आणि रांजण रिकामा होतो.

तू म्हणशील, मला दोन शब्दांत आवरायला लावलं आणि हे स्वतः पानभर काय लिहून राहिले. तर अक्षराला वजन नसतं. आपल्या देवनागरीचं एक अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतं, तरी हे अख्खं पत्र एका फोटोच्या कोपऱ्यात मावेल. आणि व्हिडिओ कॉलच्या एका मिनिटात माझी वर्षभराची रोजची पत्रं येऊन जातील. म्हणून मी लिहिणार. दुकानातल्या कॉम्प्युटरवर नीट टाइप करून तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार. तू संध्याकाळी एकदा डेटा चालू करजो, पत्र उतरू देजो, दोन शब्दांत पोच टाकजो आणि पुन्हा बंद.

तुझ्या फोनमध्ये मी काय काय केलं ते इथे लिहून ठेवतो, कारण मी सांगत होतो तेव्हा तू वाटेसाठी पोळ्या लाटत होतीस आणि नुसती ‘हं’ म्हणत होतीस. फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणार नाहीत. अ‍ॅप स्वतःहून नवी होणार नाहीत. पडद्यामागे चालणारं सगळं बंद आहे. अनुराधपूरचा नकाशा आधीच उतरवून ठेवला आहे, नेट नसतानाही रस्ता दाखवेल. पहाटेचा परित्राण पाठसुद्धा फोनमध्येच आहे, रोजचं ऐकणं चुकायला नको. एक गोष्ट मात्र फक्त तुझ्या फोनमध्ये केली, बाकीच्या बायकांच्या नाही. यात्रेपुरती डेटाची मर्यादा लावली आहे आणि तिला कुलूप माझं आहे. चुकून हात लागून सगळं वाहून जाऊ नये म्हणून.

हॉटेलच्या फुकटच्या वायफायला हात लावू नको. तिथून लोकांची खाती रिकामी होतात.

शेजारच्या आटाचक्कीवाल्या मोतीलालला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणतो, “भाऊ, वहिनी लंकेले गेली का जेलात गेली?” त्याला यातलं काही कळत नाही.

प्रेमदास


मंगळवार, १० जून, पौर्णिमा

अश्विनची आई, जयभीम.

आज सकाळी विहारात वंदना झाली. तुमच्याकडे ही पौर्णिमा फार मोठी असते, लाखो लोक पांढऱ्या कपड्यात येतात, असं भंतेजींनी सांगितलं. तुझी जागा दुसऱ्या ओळीत भिंतीकडे. तिथे कोणी बसलं नाही. मी मुद्दाम पाहिलं असं नाही, नजर गेली.

परवाची पोच ‘जेवली, बरी’. कालची ‘पाय दुखतात’. पाय कशाने दुखतात, चालून की सुजलेत, ते कळायला मार्ग नाही. मी काही तक्रार करत नाही. नियम मीच घातला आहे. पण आजपासून चार-पाच शब्द पाठवले तरी चालतील. अक्षराला वजन नसतं हे मी मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

दुपारी समोरच्या रक्षाने विहाराच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. माझे सगळे नियम धाब्यावर बसवून ही बाई रोज काही ना काही टाकते. मी सहसा उघडत नाही. हा उघडला. मोठ्या स्तूपाभोवती दिवे लावलेत, गर्दी आहे, आणि एका बाजूला तुम्ही चौघीजणी बसलेल्या. तू पांढरं लुगडं नेसलेली. कोणीतरी काहीतरी म्हणतं आणि तू हसतेस. नुसतं ओठांनी नाही, पोट धरून हसतेस. मग पदर तोंडावर नेतेस.

कशाला हसलीस ते ऐकू येत नाही, वाऱ्याचा आवाज फार आहे. बोलण्याचे शब्द लागतात का पाहावं म्हणून मी पुन्हा लावला. मग हेडफोन लावून पाहिलं. मग दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर. एवढ्यात माझाच आजचा डेटा संपल्याचा निरोप आला, त्यामुळे तपासणी तिथेच थांबवावी लागली.

कशाला हसलीस?

प्रेमदास


शुक्रवार, १३ जून

अश्विनची आई, जयभीम.

परवाच्या आणि कालच्या पत्राला एकच खूण लागली आहे. एक खूण म्हणजे माझ्याकडून निघालं, तुझ्यापर्यंत पोचलं नाही. मर्यादा संपलेली दिसते. कुठून संपली याचा मी विचार करतो आहे, कारण मी लावलेल्या हिशेबाने ती संपायला नको होती. कदाचित रक्षाने तुझा फोन घेऊन काहीतरी पाहिलं असेल. असू दे. रविवारी विमानतळावरून तुमची बस येणारच आहे. हे पत्र तू घरी बसूनच वाचशील.

घर जसं ठेवून गेलीस तसंच आहे. म्हणजे मी ते तसं ठेवलं आहे. कूलरच्या टाकीत रोज पाणी भरतो. भिंतीवरचा तथागतांचा फोटो पुसतो. तू फडकं कुठे ठेवतेस ते शोधायला वेळ लागला, डाव्या कोपऱ्यात सापडलं.

दुकानात दुरुस्तीला आलेला फोन वाजतो, दुसरं गिऱ्हाईक ओरडतं, तिसरा आपला फोन आपणच वाजवून दाखवतो की बघा, आवाज फाटतो. अशा वेळी मी आत घराकडे मान वळवून ‘चहा’ म्हणतो. रोज म्हणतो. मग मीच उठतो. परवा एका मास्तरणीने ते ऐकलं आणि म्हणाली, “भाऊ, कोणाले सांगता?” मी म्हटलं, सवय.

तुला लोणचं घालायचं होतं म्हणून बाजारातून कैऱ्या आणल्या. धुतल्या, पुसल्या, चिरल्या, मीठ लावलं आणि थांबलो. मोहरीची डाळ किती, मेथ्या भाजून की कच्च्या, हे मला ठाऊक नाही. तू कधी मापाने घातलं नाहीस, मी शेजारी उभा राहून कधी मोजलं नाही. मिठातल्या कैऱ्या बरणीत आहेत. रविवारी तू बघ.

प्रेमदास


सोमवार, १६ जून

अश्विनची आई,

हे पत्र तुला मिळणार नाही हे माहीत असून लिहितो आहे.

काल विहारासमोर बस आली. मी आपली गाडी घेऊन गेलो होतो, तुझी निळी बॅग मागे बांधायला सुतळीची दोरी होती. बायका उतरल्या. ड्रायव्हरने टपावरून बॅगा खाली दिल्या. निळी बॅग नव्हती. मी बसमध्ये चढून शेवटच्या सीटपर्यंत पाहून आलो. वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागला असेल तुझा.

खाली उतरलो तेव्हा रक्षा समोर उभी. म्हणाली, “भाऊजी, तुमी कायले आले? वहिनी तं थांबली ना तिकडं. तुमाले मालूम नाई?”

मी म्हटलं, मालूम आहे. तिने काही सामान पाठवलं असेल तर घ्यायला आलो.

दोरी खिशात घालून घरी आलो.

संध्याकाळी रक्षाच्या घरी गेलो, तिचा चार्जर बिघडलाय का विचारायला. तिचा चार्जर बिघडलेला नव्हता. तिने पाणी दिलं, समोर बसली, आणि मी काही विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. तुम्हाला एका भिक्खुणी आश्रमात मुक्कामाला नेलं होतं. तिथे आपल्या नागपूरच्या एक आर्याजी बऱ्याच वर्षांपासून आहेत. त्यांनी तुला विचारलं की आषाढी पौर्णिमेपासून तीन महिन्यांचा वर्षावास सुरू होतो, चीवर घेऊन श्रामणेरी म्हणजे शिकाऊ भिक्खुणी म्हणून थांबशील का. तू म्हणालीस, घरी विचारते.

रक्षा म्हणाली, “वहिनीनं तुमाले तीनदा विचारलं भाऊजी. फोनमधी बोलून, मोठ्ठं मोठ्ठं. तुमी काई बोललेच नाई. मंग वहिनी म्हणे, संघात तीनदा विचारतात, कोणी बोललं नाई तं मान्यच धरतात. ते गप्प हायेत म्हणजे हो हाय.”

मी गप्प नव्हतो. मी रोज लिहीत होतो.

आता सगळं कळलं. तू बोललीस, पण तोवर फोनची मर्यादा संपली होती. तुझा आवाज तुझ्याच फोनमध्ये घड्याळाची खूण लावून बसला. ती खूण कशाची हे मी तुला शिकवलंच नव्हतं, कारण तू आवाज पाठवशील असं माझ्या हिशेबात नव्हतं. बाकीच्या बायकांना त्या दिवशी अडचण आली नसती, त्या हॉटेलच्या वायफायवर होत्या. रक्षा म्हणते, तुला त्यांनी किती वेळा सांगितलं, वहिनी जोड ना, तर तू म्हणायचीस, नाही, ह्यांनी मनाई केली.

अख्ख्या बसमध्ये माझं ऐकणारी तू एकटी.

तुझ्या तिकडच्या नंबरावर फोन लावला. बंद आहे. आश्रमात सगळ्यांचे फोन कपाटात ठेवतात म्हणे. रक्षाने आर्याजींना निरोप टाकला आहे की तुझा फोन बाहेर काढून त्यांच्या कार्यालयाच्या वायफायला जोडा. जोडलाच तर हे सगळं तुला एकदम मिळेल.

तू विचारायला हवं होतंस असं मी म्हणणार होतो. ते आता म्हणता येत नाही.

प्रेमदास


गुरुवार, १९ जून

अश्विनची आई,

आज दुपारी दुकानात माणसं होती. एकाच्या फोनची काच काढून हातात धरली होती आणि माझा फोन तीनदा वाजला. तुझे तीन आवाज.

मी काच ठेवली, लोकांना उद्या या म्हटलं आणि शटर ओढलं. भर दुपारी आपलं शटर कधी पडलेलं मोतीलालने पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने बाहेरून थाप मारली. “भाऊ, जिते हा ना?” मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, “मंग ठीक हाय,” आणि गेला.

पहिल्या आवाजात तू नुसतं विचारलंस. दुसऱ्यात म्हणालीस की काल पाठवलं, ऐकलं असन, घाई नाई. तिसरा मोठा आहे. तो मी इथे उतरवून काढतो, कारण मी नीट ऐकला आहे हे तुला कळलं पाहिजे. तू म्हणालीस:

“अश्विनचे बाबा, तुमी मले फोन बंद ठेवाले शिकवलं ना, तं पह्यल्या दिवशी लय भेव वाटलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. आता इथं सकाळी मी आंगण झाडतो, तं झाडूचा आवाज येते. इतक्या वर्षांत मी झाडूचा आवाज ऐकलाच नोता. तुमी चांगले हा. मले कोणी तरास दिला असं नाई. पण आपल्या घरात कोणी ना कोणी सदा बोलूनच राह्यते. तुमी, नाई तं गिऱ्हाईक, नाई तं फोन. मले थोडं गप बसाचं हाय. थांबू का? तुमी नाई म्हणान तं नाई थांबत.”

बाकी मागे कुठलातरी पक्षी ओरडत होता.

आधी किरकोळ मुद्दे सांगतो. आपला झाडू प्लास्टिकचा आहे, त्याचा आवाज होत नाही. तिकडचा नारळाच्या हिरांचा असणार. तसा झाडू वर्ध्यातही मिळतो.

दुसरं, डेटा कुठे गेला ते सापडलं. तुझ्या फोनचा हिशेब आर्याजींनी मला पाठवला. परित्राण पाठ मी फोनमध्ये ठेवला असं मला वाटत होतं, पण तो उतरवण्याचं बटण दाबायचं माझ्याकडून राहून गेलं. रोजचं ऐकणं चुकू नये म्हणून तू पहाटे डेटा चालू करत होतीस आणि पाठ दर वेळी नेटवरून येत होता. रक्षाचा दोष नव्हता.

तिसरं. मी उत्तर देत नाही आहे. आज देत नाही. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा धरू नये. हे लेखी कळवतो आहे.

प्रेमदास


रविवार, २९ जून

अश्विनची आई, जयभीम.

‘बरं. वाट पाहते.’ ही तुझी पोच त्याच दिवशी आली होती. त्यानंतर मी लिहिलं नाही. लिहिलं आणि पाठवलं नाही, असं म्हटलं तर जास्त बरोबर होईल.

विचार करत होतो असंही नाही. कामं करत होतो. दुकानातले सगळे स्क्रू मापाप्रमाणे वेगळे केले. गिऱ्हाइकांना म्हणालो, फोन वाजवून दाखवायचा नाही, मला न वाजवता कळतं. दोघं रागावून दुसरीकडे गेले. एक दिवस सकाळी दुकान उघडायच्या आधी आपलं अंगण झाडून पाहिलं. प्लास्टिकच्या झाडूचाही आवाज येतो. थोडा येतो.

मिठातल्या कैऱ्या रक्षा घेऊन गेली. म्हणाली, अशा ठेवल्या तर खराब होतील.

अश्विनला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं तो म्हणेल, आईला परत बोलवा. त्याने विचारलं, “तुमी तिले काय कळवलं?” मी म्हटलं, कळवणार आहे. आषाढी पौर्णिमा ते कोजागिरी, तेवढ्यापुरती परवानगी द्यायची असं ठरवलं आहे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी परत यायचं. तो हसला. “बाबा, तुमी आईले रिचार्जचा पॅक मारून राह्यले का? मुदत संपली का आपोआप बंद?” हल्लीची मुलं बापाशी अशी बोलतात. मी फोन ठेवला.

पण परवानगी मी तशीच लिहिली होती. तारखा घालून, सही करून, त्या कागदाचा स्वच्छ फोटो काढून आर्याजींना पाठवला. आज त्यांचा निरोप आला. आश्रमाच्या मोठ्या आर्याजी कागदावरची परवानगी घेत नाहीत. नवरा असलेल्या बाईला चीवर द्यायचं तर नवऱ्याने समोर येऊन तोंडाने सांगायचं असा त्यांचा रिवाज आहे. लांबचा असेल तर व्हिडिओवर. पुढच्या रविवारी सकाळी.

आता एक लिहितो. तू गेल्यापासून मला तो कॉल हवा होता. ‘सुखरूप पोचली’ वाचलं त्याच दिवशी हवा होता. एकदा तुझा चेहरा दिसावा, पाय कसे आहेत ते तुझ्या तोंडून ऐकावं, एवढंच. पण नियम माझा होता, आणि विहारात सगळ्यांसमोर सांगितला होता. पत्रात वर्षभराच्या पत्रांचं गणित मांडून मी तुलाच समजावलं. रोज संध्याकाळी मी फोन समोर उभा करून ठेवत होतो. तू नियम मोडशील, असं वाटायचं. तू मोडला नाहीस.

आता कॉल येणार आहे तो या कामासाठी.

खिडकीकडे तोंड करून बस. उजेड पाठीमागून आला तर चेहरा काळा दिसतो.

प्रेमदास


सोमवार, ७ जुलै

अन्नपूर्णा,

फोन परत कपाटात गेला, आता तो लवकर बाहेर येणार नाही, असं काल आर्याजी म्हणाल्या. म्हणून हे तुला कधी मिळेल ते माहीत नाही. लिहून पाठवून देतो. तुझ्या फोनपर्यंत जाऊन थांबेल.

काल मी सकाळपासून तयार होतो. इस्त्रीचा शर्ट घातला. मागे भिंतीवर दुकानाचे बोर्ड दिसू नयेत म्हणून आतल्या खोलीत बसलो. दुकानातले सगळे फोन बंद केले. मोतीलालला चक्की थोडा वेळ थांबव म्हटलं, तर त्याने कारण न विचारता थांबवली. तसं त्याच्याकडून कधी झालं नव्हतं.

चित्र आलं तेव्हा आधी मोठ्या आर्याजी दिसल्या. वयस्कर, हाडकुळ्या, डोळे मात्र लहान मुलीसारखे. बाजूला नागपूरच्या आर्याजी, बोललेलं इकडून तिकडे सांगायला. आणि त्यांच्या मागे जमिनीवर तू. खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. मी सांगितलं तशीच. केस अजून होते, नेहमीचा अंबाडा. हडकली होतीस. रंग उजळला होता, की तो उजेडाचा परिणाम, ते ठरवता आलं नाही. पायावरून लुगडं होतं, त्यामुळे पाय दिसले नाहीत.

त्यांनी विचारलं, परवानगी आहे का. मी पाठ केलेलं म्हटलं. माझ्या पत्नीला आषाढी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत माझी परवानगी आहे.

नागपूरच्या आर्याजींनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मोठ्या आर्याजींनी मान हलवली. नाही म्हणाल्या. मला समजावून सांगितलं की तारीख लावलेला होकार त्या घेत नाहीत. तिला वाटलं तर ती कोजागिरीला येईल, त्याच्या आधी येईल, किंवा आणखी राहील. ते तिचं तिने ठरवायचं. तुमच्याकडून जायची मोकळीक हवी, यायची तारीख नको. आणि पत्नी म्हणजे कोण, तिचं नाव घेऊन सांगा.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी शर्टाची कॉलर नीट केली. तू खाली पाहत होतीस. लग्न झाल्यापासून मी तुला अश्विनची आई म्हणतो. त्याच्या आधी ‘अवं’ म्हणत होतो. नाव फक्त फॉर्मवर लिहिलं. रेशनकार्डावर, बँकेत, तुझ्या पासपोर्टच्या अर्जावर मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं. तोंडाने तुझ्यासमोर कधी घेतलं नाही. तूही माझं घेतलं नाहीस. आपल्या आजूबाजूला कोणीच घेत नाही.

पत्र लिहिताना मी शुद्ध लिहितो हे तू जाणतेस. तिथेही शुद्ध बोलायचं ठरवलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तोंडातून निघालं ते असं:

“अन्नपूर्णेले माह्याकडून मोकळीक हाय. कवाही येजो. नाई आली तरी मोकळीक हाय.”

तू वर पाहिलंस.

नागपूरच्या आर्याजी ते भाषांतर करायचं विसरल्या. मोठ्या आर्याजींना गरज पडली नसावी, त्यांनी हात जोडले. मग रिवाजाप्रमाणे कॉल संपायला हवा होता, पण तू पुढे सरकलीस आणि म्हणालीस, “बारीक झाले तुमी. जेवत नाई का?”

मी म्हटलं, जेवतो. तू म्हणालीस, “काय जेवता?” मी म्हटलं, खिचडी. “रोज?” रोज. तू म्हणालीस, “रक्षाले सांगतो भाकर पाठवाले,” आणि मी म्हटलं, नको, शिकतो मी. मग पाय कसे आहेत विचारलं. तू म्हणालीस, बरे आहेत, सूज उतरली. एवढंच बोलणं झालं. मोठ्या आर्याजी तोवर शांत बसून होत्या. त्यांना वाटलं असेल की आपण काहीतरी महत्त्वाचं ठरवतो आहोत.

त्या दिवशी स्तूपाजवळ कशाला हसलीस ते विचारायचं राहिलं.

येत्या गुरुवारी पौर्णिमा. तुझे केस काढतील, चीवर देतील, नवं नाव देतील. म्हणजे ज्या नावाने मी काल पहिल्यांदा हाक मारली ते नाव तुझ्याकडे अवघे चार दिवस राहिलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण थोडाच वेळ. तू वर पाहिलंस ते त्या नावालाच पाहिलंस.

आज सकाळी मी माझ्या पासपोर्टचा अर्ज भरला. आजवर गावाचे भरून दिले, स्वतःचा पहिला. वर्षावास संपला की तिथे चीवरदानाचा मोठा कार्यक्रम असतो, आणि त्या दिवशी बाहेरच्या लोकांना रांगेत बसून दान देता येतं, असं आर्याजींनी सांगितलं. मी येणार आहे. तुला न्यायला नाही. रांगेत बसायला.

कसं करायचं ते विहारातल्या भंतेजींना विचारून घेतलं. चपला बाहेर काढायच्या. भात दोन्ही हातांनी वाढायचा. तू श्रामणेरी असशील तर नाव घेऊन बोलायचं नाही, आधी मी वाकून वंदन करायचं, आणि तू उलट वंदन करायचं नाही. रिवाज तसा आहे. तू अवघडशील म्हणून आधीच लिहून ठेवतो, तू तशीच उभी राहा. वाकायचं मला आहे. घरी करून पाहिलं. गुडघे वाजतात, पण जमेल.

प्रेमदास